आतून दोन ठोके

१

गाडी चालवणं कोणालेही येते. गाडी निघायच्या लायक करणं, हे खरं काम. माझ्या हाताखाली जेवढे क्लीनर शिकले त्या साऱ्याइले मी हेच सांगत आलो. ज्याले पटलं त्याले पटलं, बाकीच्याइले रस्त्यानं शिकवलं.

आमची गाडी साधी नव्हती. सेलूच्या एका संस्थेचा फिरता दवाखाना होता तो, अन् बांधला होता घरासारखा. समोर माझी केबिन. तिच्या मांगं एक खोलीच म्हणा: भिंतीले घडी होऊन चिकटणारे दोन बर्थ, औषधाची कपाटं, पाण्याची टाकी, कोपऱ्यात स्टोव्ह. अन् त्याच्याही मांगं जनरेटरची ट्रॉली जोडलेली. चौऱ्याहत्तर सालापासून सात वर्षं आम्ही ती घेऊन गावोगाव फिरलो. डॉक्टरीणबाई सकाळी वर्धेहून यायच्या अन् संध्याकाळी वापस जायच्या. आठ-आठ दिवस गाडीतच राहणारे आम्ही दोघं: मी रूपराव, ड्रायव्हर, अन् माझी बायको आनंदा, दवाखान्याची आया.

निघायच्या दिवशी कामाची वाटणी ठरलेली. बाहेरचं माझं. ट्रॉलीची पिन पाहायची, पिन निसटली तरी ट्रॉली सुटू नये म्हणून वरून साखळी लावायची, मांगच्या लाइटची वायर, चाकाची हवा, अन् शेवटी चाकाखालचे दगड काढायचे. आतलं तिचं. स्टोव्हची हवा सोडायची, टाकीचं झाकण कसायचं, औषधाच्या शिशा जुन्या लुगड्याच्या चिंध्यात गुंडाळायच्या, बर्थ वर करून खिट्टी मारायची. तिचं झालं का ती माझ्या पाठीमांगच्या फळीवर लाटण्यानं ठोकायची. दोन ठोके म्हणजे चाल. एक ठोका म्हणजे थांब. इंजिन सुरू असलं का हाक कुठची ऐकू येते, म्हणून ही रीत.

त्या फळीले मधात वीतभर रुंदीचा एक झरोका होता. धूळ येते म्हणून आनंदानं त्याले परकराच्या कापडाचा पडदा शिवला होता.

२

आता जे सांगतो ते आम्ही तेव्हा हसण्यावारी नेलं. तीच चूक झाली म्हणा.

एक डाव हिंगणीहून निघालो. सेलूले पोचल्यावर आनंदा खाली उतरली अन् कमरेवर हात ठेवून उभी राह्यली.

"अहो, मी ठोकलं नाई, अन् तुम्ही गाडी काढली काऊन?"

"ठोकलं तं. दोन डाव."

"मी झाकण कसून राह्यलती. लाटणं खुटीवर होतं."

"मंग माझे कान वाजले असतील."

"तुमच्या मायनं कान उसने आणलते वाटते," म्हणे, अन् हसत घरात गेली.

सात वर्षांत असं चार-पाच डाव झालं असंल. मी डोक्यानं चालणारा माणूस हाव. म्हटलं, लाटणं खुटीवर हलते अन् फळीले लागते. म्हणून मी ती खुटी उपटून पार मांगच्या भिंतीले, दारापाशी ठोकली. आता ठोके द्यायले आनंदाले लाटणं घेऊन चार पावलं यावं लागे. तरी पुढच्या वर्षी पुन्हा तेच झालं. मी दोन ठोके ऐकले, गाडी काढली, अन् ती मांगं उंबरठ्यावर बसून पायातला काटा काढून राह्यलती. तं म्हटलं, हे लाकूड हाय, उन्हानं ताणते अन् वाजते. लाकडाले काय अक्कल?

त्या दिवशी जेवताना ती हसली नाई. भाकरीचा तुकडा हातात धरून बोलली, "जयवंताचे बाबा, ठोक्याच्या भरवशावर नका राहू. उतरून माझं तोंड पाहत जा, अन् मंगच निघत जा."

मी म्हटलं, "एवढी वर्षं तोंडच तं पाहून राह्यलो न तुझं." मंग हसली ती. मीही हसलो. विषय तेथीच राह्यला.

३

एक्क्याऐंशीचा फेब्रुवारी. हिंगणीचा कॅम्प संपला होता. गाडी उताराले उभी होती, समोर बोर धरणाकडचं जंगल, सकाळचे नऊ वाजलेले. मी पिन पाह्यली, साखळी पाह्यली. ट्रॉलीच्या डाव्या चाकासमोरचा दगड काढायचा राहून गेला. ते काम माझं होतं अन् ते मी विसरलो. हे मी कधी नाकारलं नाई.

केबिनीत बसून इंजिन सुरू केलं. मांगून दोन ठोके आले. स्वच्छ आले. मी गेअर टाकला.

आनंदा आत नव्हती. मांगच्या दारातून तिले तो दगड दिसला असंल, अन् मले कायले हाक मारा म्हणून ती स्वतःच उतरली असंल. ती चाकासमोर वाकली होती. मले समजलं तेव्हा ट्रॉली तिच्यावरून गेली होती. तिचं लाटणं दारापाशीच्या खुटीवर होतं.

मी पोलिसाले सांगतलं, संस्थेच्या लोकाइले सांगतलं, तेराव्याले आलेल्या पाव्हण्याइले सांगतलं, का मी दोन ठोके ऐकले म्हणून. लोक मान हलवत. कोणी खांद्यावर हात ठेवे. आमची एकुलती एक पोरगी जयवंता, तिचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. ती हिंगणघाटहून आलती. सारं ऐकून घेतलं तिनं, अन् भर माणसांत विचारलं, "आई तं बाहेर होती. मंग ठोकलं कोण?"

तिनं थोडी वाट पाह्यली, अन् आत निघून गेली. त्या दिवसापासून तिनं मले बाबा म्हटलं नाई. मी तिच्या घरी दोन डाव गेलतो. पाणी दिलं, जेवाले वाढलं, पण तोंडातून शब्द नाई. माणसाले बायको मेल्याचं दुःख असते, अन् ती आपल्या हातून मेली याचं वेगळं असते. पण रात्रंदिवस मले खात होतं ते तिसरंच. मी ठोके ऐकले होते का नव्हते? का घाई केली, अन् मंग आपल्या सोयीनं ठोके आठवले? तीन वर्षांत मी स्वतःवरच विश्वास ठेवणं सोडलं.

४

चौऱ्याऐंशीच्या मार्चमधे संस्थेचा माणूस घरी आला. गाडी विकली म्हणे. जाम गावचे बंडूजी घेऊन राह्यले, मोठ्या रस्त्यावर तिचं हॉटेल करणार हायेत. इंजिन पार जाम झालेलं, तवा टोचन करून न्यावं लागंल. समोर बंडूजीचा ट्रक, मधात लोखंडी दांडा, अन् मांगं आमची गाडी. पण ओढल्या जाणाऱ्या गाडीतही स्टेअरिंगवर अन् ब्रेकवर माणूस लागतेच. "तुमच्याशिवाय ती गाडी कोणाले ठाऊक हाय, रूपरावजी?" असं तो बोलला. मी तोंडावर नाई म्हणणार होतो. पण वाटलं, एक डाव तिले नीट पोचवून यावं. आनंदाच्या हातचं घर होतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेच्या आवारात गेलो. गाडी एका शेडमधे तीन वर्षांपासून उभी होती, ट्रॉली तेवढी कधीचीच सोडून नेलेली. बंडूजी आलेले, घाम पुसत होते. अन् शेडच्या खांबापाशी जयवंता उभी होती. आईची पेटी गाडीतच राह्यली होती, ती घेऊन जा म्हणून संस्थेनं तिले पत्र टाकलं होतं. मी येणार हे तिले कोणी सांगतलं नसावं. मले पाहून तिनं पदर नीट केला अन् दुसरीकडे पाह्यलं.

कुलूप मीच लावलं होतं, हिंगणीहून गाडी सेलूले आणली त्या दिवशी. आत तेव्हा काय हाल होते ते माझ्या डोळ्यासमोर हायेत. शिशा फुटलेल्या, एक बर्थ लोंबकळत, टाकीचं झाकण उघडं. पोलिसांनी सारं उचकून पाह्यलं होतं. मी कशालेच हात लावला नाई. दार ओढलं अन् कुलूप घातलं.

कुलूप काढलं. दार उघडलं. जयवंता माझ्या मांगं होती.

आत सारं आवरलेलं होतं.

दोन्ही बर्थ वर, खिट्ट्या मारलेल्या. टाकीचं झाकण कसलेलं. कपाटात उरलेल्या शिशा चिंध्यात गुंडाळून, दोन गाठी मारून, आडव्या ठेवलेल्या. फुटलेल्या काचेचा एक तुकडा खाली नव्हता. अन् त्या साऱ्यावर बोटभर धूळ, चिंध्यांवर, गाठींवर, जमिनीवर. म्हणजे आवरून लय दिवस झाले होते. धुळीत एकही पाऊल नव्हतं.

"तुम्ही आवरलं?" जयवंतानं विचारलं. तीन वर्षांतला तिचा पह्यला शब्द.

"नाई."

मी मनाशी म्हटलं, संस्थेचं कोणी आलं असंल. दुसरी किल्ली असते ऑफिसात. पण दोन गाठी मारायची सवय आनंदाची होती. मी तिले म्हणत असे, एका गाठीनं भागते, कायले वेळ घालवते. ती म्हणे, रस्त्याचा काही भरवसा नाई.

५

मी बाहेरच्या कामाले लागलो. हात गुंतले का डोकं शांत होते, निदान माझं होते. चाकात हवा भरून आणली. ब्रेकचं तेल बदललं, पाय दाबून दहा डाव पाह्यलं. इंजिन बंद असलं का ब्रेक जड होते, सारा जीव पायात आणावा लागते. दांड्याच्या दोन्ही पिना तपासल्या, त्याइले तार बांधली, वरून साखळी घातली. मांगं बांधायले लाल फडकं घेतलं. गाडीच्या डाव्या मांगच्या चाकासमोर दगड होता. तो मी काढला, शेडच्या भिंतीपाशी नेऊन ठेवला, अन् पुन्हा जाऊन पाह्यला, का खरंच ठेवला हाय.

मंग बंडूजीले समजावलं. "माझी बॅटरी मेली हाय, हॉर्न वाजत नाई. तुम्ही आरशात पाहा. मी खिडकीतून हात वर केला का निघायचं. हात आडवा केला का थांबायचं."

"अहो, पाच कोसांची गोष्ट असती तं ठीक होतं. केळझर, बुटीबोरी, मंग जाम. ऊन चढते, चला लवकर."

जयवंता आईची पेटी घेऊन दारात आली. पेटी खाली ठेवली, अन् मले म्हणाली, "आतलं मी पाहते. एका कपाटाची खिट्टी ढिली हाय." पदर खोचला अन् बोलली, "पण मी ठोकणार नाई. झालं का समोर येईन अन् तोंडानं सांगीन."

"बरं," म्हटलं. तिच्या आईनंही हेच सांगतलं होतं.

६

केबिनीत बसलो. सीटचं रेक्झिन फाटलं होतं, बाकी सारं तेच. समोर ट्रकचं इंजिन सुरू झालं अन् दांड्यातून त्याची थरथर माझ्या स्टेअरिंगपर्यंत आली. पाठीमांगं फळी. झरोक्याचा पडदा उन्हानं विटलेला. आत जयवंताची पावलं ऐकू येत होती, मंग कपाटाची खिट्टी बसल्याचा आवाज आला. मंग काहीच नाई.

मी वाट पाहत होतो, का ती समोर येईल.

तेवढ्यात फळीवर दोन ठोके पडले.

माझ्या पाठीत लागले ते. लाटण्याचे, मधात तेवढंच अंतर, पह्यला जरा हलका अन् दुसरा भक्कम. आनंदा देई तसे.

मले भीती वाटली नाई. हे मी खरं सांगतो, कारण लोकाइले वाटते मी घाबरलो असंल. मले रडू आलं. वाटलं, पोरीनं मन बदललं. तोंडानं बोलणं तिले जड जाते, म्हणून आईच्या रीतीनं सांगून राह्यली, का बाबा, झालं, चला. तीन वर्षांनी माझ्या पोरीनं मले माफ केलं. डोळे भरून आले, अन् त्या भरल्या डोळ्यानं मी खिडकीतून हात बाहेर काढला. हात अर्धा वर गेला.

अन् आरशात मले हिरवा पदर दिसला. मांगच्या उजव्या चाकापाशी, जमिनीवर.

मी हात आडवा केला. पण बंडूजीनं अर्धा वर गेलेला हातच पाह्यला होता. दांडा ताणल्याचा कडाका झाला अन् गाडी हलली. मी ब्रेकवर उभा राह्यलो, अक्षरशः सीटवरून उठून उभा. गाडी एक वीत समोर गेली, खालून काहीतरी भरडल्याचा आवाज आला, अन् थांबली.

मी दार उघडून खाली उडी मारली.

७

जयवंता चाकापासून हातभर दूर, मातीत बसलेली होती. चाकाखाली एक वीट होती, अर्धी चुरा झालेली. दांडा लावताना गाडी सरकू नये म्हणून बंडूजीनं उजव्या बाजूनं ती लावली होती अन् मले सांगायचं राहून गेलं. जयवंता मांगच्या दारातून उतरली, तिले ती वीट दिसली, अन् ती काढायले वाकली. गाडी त्या विटेवर अडकली, तेवढ्यात जयवंता मांगं सरकली.

मी तिच्यापाशी गुडघ्यावर बसलो. तिचे हात पाह्यले, पाय पाह्यले. कुठं खरचटलंही नव्हतं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. गाडीच्या भिंतीकडे पाहत होती.

"बाबा," ती म्हणाली. "ठोकलं कोण?"

तेच शब्द होते. पण आता ती मले जाब विचारत नव्हती.

"तू ऐकलं?"

"दोन डाव. मी वाकलीच होती, अन् आतून आवाज आला. मले वाटलं, तुम्ही आत गेले."

तीन वर्षं मी एकाच गोष्टीसाठी देवापाशी तोंड वेंगाडलं होतं, का कोणीतरी ते ठोके ऐकावे. आता ते माझ्या पोरीनं ऐकले, अन् मले वाटलं, बहिरी असती तं बरं झालं असतं. आनंदा सात वर्षं त्या खोलीत झोपली. तिनं मले सांगतलं होतं, उतरून तोंड पाहत जा म्हणून. अन् मी तिच्या शब्दाची नाई, माझ्या कानाची बाजू घेतली.

आम्ही दोघं आत गेलो. धुळीत फक्त जयवंताची पावलं होती, अन् तीही फळीपर्यंत गेलेली नव्हती. लाटणं दारापाशीच्या खुटीवर होतं. हलत होतं, थोडंसं, आत्ताच कोणी अडकवून हात काढला तसं.

बंडूजी दारातून डोकावले. "लाकूड हाय ते. दांड्याचा हिसका बसला का वाजणारच."

"दांडा ताणायच्या आधी वाजलं," मी म्हटलं.

"चला जी, ऊन चढते," ते बोलले, पण आत पाय ठेवला नाई त्याइनं.

८

जयवंतानं ट्रकमधे बसावं असं मी सांगून पाह्यलं. ती माझ्या बाजूले बसली. पेटी पायापाशी, लाटणं मांडीवर. ते तिनं स्वतः खुटीवरून काढलं होतं.

टोचनची गाडी म्हणजे नुसतं समोर पाहणं. दांडा ताणलेला राह्यला पायजे, ढिला पडला का हिसका बसते. आम्ही हळूहळू चाललो. केळझर मांगं टाकलं. एकदा तिनं पदरानं माझ्या कपाळाचा घाम पुसला.

मंग फळीवर ठोका पडला. एकच. लय हळू.

लाटणं जयवंताच्या मांडीवर होतं. तिनं ते दोन्ही हातानं धरलं.

एक ठोका म्हणजे थांब. आनंदानं सात वर्षांत जेव्हा जेव्हा तो दिला तेव्हा तेव्हा मी थांबलो. तिले ओकारी आली, शिशी पडली, रस्त्यात सीताफळं विकाले दिसली, कशासाठीही असो, मी थांबलो. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. दाबला असता तं दांडा तुटला असता, का गाडी आडवी झाली असती. ओढल्या जाणाऱ्या गाडीले थांबता येत नाई. मी पाय उचलून घेतला.

"आईचा हाय का तो?" जयवंता इतक्या हळू बोलली का मले ओठावरूनच समजलं.

मी काय सांगू? हिंगणीलेही मले ते दोन ठोके आनंदाचेच वाटले होते.

ती वळली. झरोक्याचा पडदा तिनं दोन बोटांनी बाजूले केला अन् आत पाह्यलं. मी दांड्यावरची नजर काढू शकत नव्हतो. समोरच्या काचेत झरोक्याचं प्रतिबिंब तेवढं दिसे, अन् त्यात वर केलेला एक बर्थ खाली आलेला होता. निघायच्या आधी आत गेलो तेव्हा खिट्टी मी स्वतः हातानं पाह्यली होती. बर्थवर काही होतं का, ते काचेत समजत नव्हतं. जयवंता पाहतच राह्यली. मंग तिनं पडदा सोडला, त्याच्या दोन्ही कडा नीट फळीले दाबल्या, अन् समोर तोंड करून बसली.

"काय हाय?" मी विचारलं.

"समोर पाहा, बाबा," ती म्हणाली.

जामपर्यंत ती रडत होती, आवाज न करता. अन् मी गाडी समोर धरून होतो.

९

बंडूजीले मी सांगतलं, फळी काढून जाळून टाका, अन् आत कोणाले झोपवू नका. ते हो म्हणाले. केलं का नाई, मले ठाऊक नाई. त्यानंतर मी जामवरून बसनं दोन-तीन डाव गेलो असंल, खिडकीतून बाहेर पाह्यलं नाई.

जयवंता आता माझ्याशी बोलते. सणाले बोलावते, तब्येतीचं विचारते, माझ्या धोतराले ठिगळ लावून देते. आईचं लाटणं तिनं पेटीत ठेवलं हाय, पोळ्या दुसऱ्यानं लाटते. त्या दिवशी आत काय होतं ते मी पुन्हा विचारलं नाई. तिनंही सांगतलं नाई.

तिच्या दारी गेलो का मी कडी वाजवत नाई. अंगणात उभा राहून हाक मारतो, "जयवंता, मी आलो." आवाज ओळखीचा असला तरी ती लगेच दार उघडत नाई. आधी खिडकीशी येते, माझं तोंड पाहते, अन् मंग कडी काढते.